दासोमच्या पानात तिखट

"ग्यूहानची आई, जरा इकडं ये गं," अशी आतल्या खोलीतून सासूबाईंची हाक आली आणि दुधाचा पुडा फोडणारा एरानचा हात तसाच थांबला. हाकेत खोटं काही नव्हतं. ग्यूहान तिचाच, पोटचा मुलगा, चांगवोनला कारखान्यात नोकरी करतो, रविवारी न चुकता फोन करतो. पण बाईला हाक मारायची ती तिच्या पहिल्या लेकराच्या नावानं, आणि एरानचं पहिलं लेकरू दासोम. दासोम जन्मली त्या दिवसापासून सासूबाई, नवरा, शेजारणी, मंडईतली मासेवाली, झाडून सगळे तिला दासोमची आई म्हणत आले. एरान हे तिचं स्वतःचं नाव बँकेच्या पासबुकात तेवढं उरलं होतं. दोन वर्षांपूर्वी दासोम गेली. पहिले काही महिने जुनीच हाक तोंडून निघायची आणि हाक मारणारा जीभ चावायचा. मग सगळे बिननावाची हाक मारू लागले, अगं, ऐकलंस का, इकडं बघ. तेही तिनं चालवून घेतलं. आणि आज, ऑगस्टच्या या भाजून काढणाऱ्या दुपारी, नेमक्या दासोमच्या वर्षदिनी, म्हातारीनं एवढी वर्षं तोंडात बसलेलं नाव पुसून दुसरं लावलं, आणि तेही इतक्या सहज की जणू नळाची तोटी बदलली. एरान आत गेली, पंख्याची निघालेली पिन परत खोचली, "झालं, आई," म्हणाली आणि ओट्यापाशी परत आली. एवढ्या चार पावलांत तिचं ठरून गेलं होतं. सकाळपर्यंतचा बेत वेगळा होता. दासोमच्या खोलीत, दार लोटून घेऊन, ताटली मांडायची आणि कुणाला ताकास तूर लागायच्या आत उचलायची, मागल्या वर्षी केलं तसंच. आता ते नाही. आता बैठकीच्या खोलीत, पितरांच्या मोठ्या चौरंगावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, उजेडात. सहाला नवरा, दोकसू, त्याची टॅक्सी उभी करून जेवायला येईल, त्याच्याही देखत.

तिनं वाडग्यातल्या तंगड्यांवर दूध ओतलं. आठ तंगड्या. अख्खी कोंबडी आणली असती तर दोनच मिळाल्या असत्या, आणि या घरात कोंबडीच्या दोन तंगड्यांचं काय व्हायचं ते एरानला लग्नाच्या पहिल्या आठवड्यात कळलं होतं. एक मुलाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, आणि पुढं ग्यूहान जन्मल्यावर दुसरी ग्यूहानला. सासूबाई स्वतःच्या हातानं वाटायच्या. दासोमला पंख. दासोम पाच वर्षांची असताना तिनं एकदा विचारलं होतं, कोंबडीला चार पाय का नसतात. सगळे हसले, एरानही हसली, आणि हे हसणं आज तिला चटका लावून गेलं. पोर गंमत करत नव्हती, पोर मागत होती. मग दासोम शिकली, नोकरीला लागली, आणि पहिल्या पगाराच्या दिवशी एका हातात ओट्यावरचं हे काळं, पोट सुटलेलं यंत्र, एअर फ्रायर, आणि दुसऱ्या हातात नुसत्या तंगड्यांचं पाकीट घेऊन घरी आली. "घे आजी, वाट आता," म्हणाली. "आठ आहेत. ग्यूहान घरी नाही, चौघांना दोन-दोन दिल्या तरी कुणी उपाशी राहणार नाही, आणि पाहुणा आला तर माझ्यातली देईन." म्हातारी म्हणाली, "तेलाशिवाय तळतं म्हणे. उद्या म्हणशील पाण्याशिवाय भात." पण खाल्ल्या तिनंही दोन, हाडं चोखून खाल्ल्या. यंत्र खरं म्हणजे आईसाठी होतं. वर्षातून आठ श्राद्धं, दोन सण, आणि प्रत्येकाला एरान जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून तव्यापुढं बसायची, माशाचे काप, भोपळ्याचे काप, टोफू, अंड्यात बुडवून एकेक परतत, सकाळपासून दुपार टळेपर्यंत, तोवर पुरुष दुसऱ्या खोलीत नाशपाती खात बसलेले. तीन-तीनदा डोकं धुतलं तरी केसांचा तेलकट वास जायचा नाही. शाळेतून आलेली दासोम मानेत नाक खुपसून म्हणायची, "आई, तुझ्या केसांत कुणाचं तरी श्राद्ध आहे." तोंडाळ होती. कुणावर गेली होती कोण जाणे. एरान तर उभ्या जन्मात कुणाला उलटून बोलली नव्हती.

दूध ओतून टाकून तिनं तंगड्या फडक्यानं टिपल्या, एकेक, सांध्याच्या खाचेतसुद्धा, कारण ओलावा राहिला की साल कुरकुरीत होत नाही. मीठ, मिरी, आल्याचा रस. मग बटाट्याचं पीठ, आणि वर तेलाचा फवारा, कंजूषपणा न करता. पहिल्या खेपेला दोघींनी फवारा मारायला हात आखडता घेतला होता, तर पीठ जागोजागी कोरडंच राहिलं आणि तंगड्यांवर पांढरे डाग. "कोड फुटलंय कोंबडीला," दासोम म्हणाली आणि दोघी ओट्याला टेकून इतक्या हसल्या की नवऱ्यानं आतून विचारलं, काय झालं. काही नाही, म्हणाल्या. एकशे ऐंशीवर बारा मिनिटं, मग उलटायच्या, मग दोनशेवर सहा. एरानला आकडे पाठ होते. टोपली आत सरकवली, पंखा घुमू लागला, आणि अगोदरच तापलेल्या स्वयंपाकघरात आणखी एक झळ आली. देगू शहरातला ऑगस्ट, त्यात हे. घाम हनुवटीवरून गळत होता. गळू दे, तिला वाटलं. एकोणतीस वर्षांची धडधाकट पोर कचेरीच्या जिन्यात डोक्याला हात लावून खाली बसते आणि उठतच नाही, डोक्यातली एक नस फुटते आणि सगळं संपतं, तर माझा घाम काय मोठा लागून गेला. इस्पितळातून थेट तिसऱ्या दिवशी दहन झालं. नवरा, दीर आणि दासोमचे दोन चुलतभाऊ राख घेऊन गेले. एरान चपला घालून दाराशी उभी होती तर सासूबाईंनी दंड धरला. आईबापाआधी गेलेल्या लेकराच्या मागं आई जात नाही, म्हणाल्या, तशी रीत नाही. आणि एरान थांबली. चपला काढल्या. संध्याकाळी नवरा परत आला, त्याच्या पँटला गुडघ्यापर्यंत चिखल होता, म्हणजे नदी असावी, पण कुठली, कुठल्या पुलापाशी, ते त्यानं आजतागायत सांगितलं नाही. विचारलं की म्हणतो, कशाला हवंय, जाऊन बसशील तिथं. बसेन तर बसेन की. माझी बसायची जागा ती. या सगळ्यात तिला सगळ्यात जास्त राग स्वतःचाच होता, त्या चपला काढण्याचा.

लग्न न होता गेलेल्या पोरीला श्राद्ध नसतं. तिला मूल नाही, मग पान मांडणार कोण, वाकणार कोण? आईबापांनी लेकरापुढं वाकायचं? असं सगळं बिनतोड होतं. गेल्या वर्षी एरान कुणाला न विचारता दासोमच्या खोलीत ताटली मांडून बसली होती खरी, पण तिथंही शहाणपणा नडला. पितरांच्या पानात लाल काही चालत नाही, लसूण तर नाहीच. मिरचीच्या लाल रंगाला आणि लसणीच्या वासाला आत्मा भितो आणि उंबऱ्यावरूनच परत फिरतो, हे ती सून होऊन आली तेव्हापासून ऐकत होती. म्हणून तिनं मिरची वगळली, लसूण वगळली, नुसतं सोया आणि पाक घालून फिकट तपकिरी कोंबडी केली, ताटली मांडली आणि तासभर भिंतीला टेकून बसली. मग ती उचलून स्वतः एक घास खाल्ला. गोडूस, मचूळ, आजाऱ्याचं खाणं. दासोम असती तर म्हणाली असती, आई, हे काय, मला डॉक्टरनं सांगितलंय का? पोर आली असेल आणि ताटलीकडं बघून गेली असेल, कपाळाला आठी घालून, आणि आपण भिंतीला टेकून बसलो होतो. की आलीच नसेल? मिरची घातली तर येणार नाही म्हणतात, आणि न घालावी तर यावं कशाला तिनं? वर्षभर या एका गोष्टीनं तिला कपडे वाळत घालताना गाठलं, बसथांब्यावर गाठलं, दातांच्या डॉक्टरकडं तोंड उघडून पडलेली असताना गाठलं. आणि आज, दुधाच्या पुड्यापाशी, ते सुटलं. मिरचीला भितात ती भुतं. माझी लेक भूत नाही. आणि ती मिरचीला भिणारी असेल तर ती माझी लेकच नाही, मग जे कुणी येणार असेल त्यानं येऊच नये.

तिनं लसणीचा अख्खा गड्डा सोलला, ठेचला. कढईत घातला, वर मिरचीची आंबवलेली लाल चटणी दोन मोठे चमचे, मिरचीपूड, सोया, तांदळाचा पाक, टोमॅटोचा सॉस, आणि शेवटी चमचाभर स्ट्रॉबेरीचा जाम, ही दासोमची खास युक्ती. जामाबद्दल कुणाला सांगायचं नाही असा दोघींचा करार होता. मोठे बुडबुडे येतात, मग बारीक होतात, मग चमच्यामागं कढईचा तळ क्षणभर दिसतो, तेव्हा गॅस बंद. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि लसणीचा वास स्वयंपाकघरातून बैठकीत, बैठकीतून आतल्या खोलीत गेला असणार, कारण आतून म्हातारीच्या खोकल्याचा आवाज आला. यंत्र थांबलं. तिनं खरपूस तंगड्या कढईत टाकल्या, वर-खाली केल्या, वर शेंगदाण्याचं कूट भुरभुरवलं. मग कपाटामागचा चौरंग ओढून बैठकीच्या खोलीत मधोमध मांडला. जड होता, एरवी दोन पुरुष उचलायचे. भाताचा वाडगा, त्यात पितरांसाठी खोचतात तसा उभा चमचा, मुळ्याचे आंबट तुकडे, काकडी, आणि मधोमध लालभडक तंगड्यांची ताटली. भिंतीला टेकवून दासोमचा कचेरीच्या ओळखपत्रावरचा फोटो, ज्यात ती हसू दाबते आहे. येणाऱ्यासाठी उघडं ठेवतात तसं बाहेरचं दार उघडून त्यात एक चप्पल अडकवली.

सासूबाई काठी टेकत आल्या. शहाऐंशीचं वय, पाठीचं धनुष्य झालेलं, पण नाक शाबूत. चौरंगाकडं बघितलं, फोटोकडं बघितलं, उघड्या दाराकडं बघितलं.

"हा चौरंग कुणाचा आहे, ठाऊक आहे तुला?"

"ठाऊक आहे. एवढी वर्षं मीच पुसते."

"आणि वर काय मांडलंयस? मिरची? लसूण? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? यायची असेल ती पोरगी तीही दारातून पळेल."

"नाही पळायची. तुमची नात आहे, आई. आठवतंय का, सगळ्यांत तिखट मागवायची आणि नाक पुसत खायची. मागल्या वर्षी तुम्ही म्हणता तसं फिकं केलं होतं. तोंडात धरवेना."

"मागल्या वर्षीही मांडलंस?" म्हातारी म्हणाली. "लग्न न झालेल्याचं पान मांडत नाहीत. आईबापाआधी जाणं हा त्या लेकराचा अपराध. त्याचं वर श्राद्ध करतेस? तू वाकणार तिच्यापुढं?"

"वाकत नाही. श्राद्धही करत नाही. माझी लेक आहे, तिला जेवायला बोलावलंय. त्याला कसली रीत आलीय?" आपला आवाज एरानला परका वाटला, आणि आवडला. "आणि अपराध म्हणाल तर माझा आहे. मी त्या दिवशी दारात चपला काढल्या."

"उचल ते. दोकसू आला की चौरंगासकट भिरकावून देईल."

"देऊ देत. मी परत मांडीन. कोंबडी मंडईत रोज मिळते."

म्हातारी काठी आपटत म्हणाली, "मी मांडलं का कधी? माझा नाही गेला? मी साठ वर्षं मूग गिळून बसले, तू दोन वर्षं बसू शकत नाहीस?"

एरानला आधी कळलंच नाही. मग वाटलं, म्हातारीला उष्म्यानं भ्रम झाला. "कोण गेला?"

"थोरला."

"थोरले तर हे. सहाला येतील."

"तो दुसरा." सासूबाई भिंत धरून हळूहळू खाली बसल्या. "त्याच्या आधी एक होता. दोल्से म्हणायचे. दगडधोंड्याचं नाव ठेवलं म्हणजे कुणाची नजर लागत नाही, म्हणून दोल्से. तीन वर्षांचा. गोवर आला. तुझ्या सासऱ्यांनी आणि त्यांच्या भावानं घोंगडीत गुंडाळला आणि डोंगरात नेला. कुठं, ते बायकांना सांगत नसत. सांगितलं तर जाऊन बसेल म्हणायचे."

एरानच्या मनात आधी दया आलीच नाही, राग आला, पायापासून डोक्यापर्यंत. या बाईला सगळं ठाऊक होतं. दंड धरला तेव्हा ठाऊक होतं. या घरात एवढी वर्षं आपण पूर्वजांची आठ-आठ पानं मांडली, कधी न पाहिलेल्या पणज्यांसाठी तव्यापुढं बसलो, आणि त्या आठांत एका तीन वर्षांच्या पोराला कुणी घास ठेवला नाही, नाव काढलं नाही, आणि पान न ठेवणारी त्याची आईच होती. "तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "कसं होतं ते माहीत होतं, आई. आणि मला घरात बसवलंत."

"मला दुसरं काय माहीत होतं?" म्हातारी म्हणाली.

एरानला ही बाई आवडत नव्हती, आजही आवडली नाही. पण ती उठली, दुसरा वाडगा काढला, भात भरला, चमचा उभा केला, दासोमच्या वाडग्याशेजारी ठेवला आणि त्यापुढं एक रिकामी ताटली मांडली. "ज्याचं त्याला," ती म्हणाली. सासूबाई ताटलीकडं बघत राहिल्या. उचल म्हणाल्या नाहीत.

दारात पावलं वाजली. दोकसू चप्पल ओलांडून आत आला, हातात किल्ल्या, पाठीवर घामाचा नकाशा. त्यानं चौरंग पाहिला आणि त्याच्या मानेची शीर ताठ झाली. घरातला थोरला तो. वाकायचा पहिला मान त्याचा, मद्य ओतायचा त्याचा, पितरांच्या कामात काय बसतं आणि काय नाही ते सांगायचा त्याचा. "मी काय सांगितलं होतं?" तो एरानला म्हणाला. "हे लाल-बिल, आणि या चौरंगावर? दार सताड उघडं टाकून? शेजारी काय म्हणतील? उचल. आणि दोन कशाला मांडलीत? दुसरं कुणाचं?"

एरान चौरंगाच्या कडेला हात ठेवून उभी राहिली. "उचलणार नाही," ती म्हणाली. "आणि राख कुठं सोडलीत ते आज जेवणाआधी सांगायचं. नाहीतर उद्यापासून पुलापुलावर जाऊन मी विचारीन, टॅक्सीवाल्या दोकसूची बायको म्हणून."

तो पुढं आला. तेवढ्यात सासूबाईंनी हात लांब केला. दासोमच्या ताटलीतली एक तंगडी उचलली, बोटांनी मांस सोडवलं, हाड बाजूला ठेवलं. मग प्यायच्या पाण्याचा वाडगा जवळ ओढला आणि एकेक तुकडा त्यात बुडवून धुऊ लागल्या, लहान पोराला तिखट लागू नये म्हणून लोणच्याचा तुकडा धुऊन भरवतात तसा. पाणी लाल झालं. सगळा तिखटपणा निघाला की नाही हे पाहायला एक तुकडा स्वतःच्या जिभेला लावला, परत बुडवला, आणि सगळे पांढरे झालेले तुकडे त्या रिकाम्या ताटलीत बारीक करून ठेवले.

"आई, काय करतेयस?" दोकसू म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "भूक लागलीय मला. काय चाललंय हे?"

"गप बैस," म्हातारी वर न बघता म्हणाली. "आधी तुझ्या थोरल्या भावाचं होऊ दे."

बासष्ट वर्षांचा दोकसू किल्ल्या हातात धरून उभाच राहिला.